पावाची गाडी मागे फिरली

वेलिकाच्या हिशेबी कुत्रं म्हणजे फाटकापाशी साखळीला असायची गोष्ट. त्याने भुंकायचं, तिने खिडकीतून डोकवायचं, आणि रात्री उरलंसुरलं सूप त्याच्या थाळीत ओतायचं. यापलीकडे दोघांनी एकमेकांच्या आयुष्यात लुडबुड करायची नाही. त्यामुळे जूनच्या शेवटी तिची लेक देनित्सा सोफियाहून आली आणि गाडीच्या मागच्या सीटवरून तिने चपट्या नाकाचं, उभ्या कानांचं, घोरणारं एक गाठोडं काढून अंगणात ठेवलं, तेव्हा वेलिका कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"हे काय आणलंस?"

"तोशो. उन्हाळाभर तुझ्याकडे राहील. आमच्या फ्लॅटची भट्टी झालीय आणि मी दिवसभर ऑफिसात."

"तोशो माझ्या मामाचं नाव होतं."

"मग काय, मामाला बोलावल्यासारखं बोलाव."

शाळा सुटली की मुलं गावी आजीच्या गळ्यात टाकायची, ही आमच्याकडच्या शहरी लोकांची जुनी रीत. देनित्साला मूलबाळ नाही. तिने रीत मोडली नाही, एवढंच म्हणायचं. आणि मुलासोबत येतात त्याहून जास्त सूचना या कुत्र्यासोबत आल्या.

"दुपारचं अजिबात बाहेर काढायचं नाही. रस्त्यावर नेण्याआधी आपला तळहात डांबराला लावून बघायचा, तुला चटका बसला तर त्यालाही बसतो. फिरून आला की कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गवताचं कुसळ शिरलंय का बघ, ते आत आत जातं. गोचीड बघ. मांडवाखाली पडलेलं द्राक्ष एकही खाऊ द्यायचं नाही. आणि आई, नीट ऐक, याचं नाक चपटं आहे. आपलं साधं कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, याला ते जमत नाही. धापा वाढल्या की ओल्या फडक्याने पोट पुसायचं."

"तुला वाढवताना मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं."

"म्हणून तर अशी झाले," देनित्सा म्हणाली, आणि दोघी हसल्या. बऱ्याच काळाने हसल्या, हे दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघींनीही ते दाखवलं नाही.

वेलिका याच गावात, ब्रेस्तोवोत जन्मली आणि लग्न होऊन गेली तीही ब्रेस्तोवोतच, चार घरं पलीकडे. तरुणपणी ती सहकारी द्राक्षबागेत कामाला होती. पाठीवर पंप बांधायचा आणि मोरचूद-चुन्याचं पाणी मारत ओळीच्या ओळी पालथ्या घालायच्या. संध्याकाळी तिच्या पापण्यासुद्धा निळ्या झालेल्या असत. पुढे बागा बुडाल्या, मग ती बालवाडीत स्वयंपाकीण झाली. गावातली पोरं संपली तेव्हा बालवाडीलाही कुलूप लागलं. ज्या बाईला कुणालातरी खाऊ घातल्याशिवाय चैन पडत नाही, तिच्याच वाट्याला रिकामं गाव यावं, हा नशिबाचा आचरटपणाच.

नवरा किरो गेल्याला आता चार हिवाळे झाले. तो आजारी पडला तेव्हा देनित्साची नोकरी नवी होती. फोनवर वेलिका दर वेळी म्हणायची, "काही नाही गं, खोकलाय नुसता. तू तुझं काम बघ." खोकला छातीत उतरला, किरो दवाखान्यात गेला, तरी ती हेच म्हणत राहिली. देनित्सा आली ती थेट अंत्ययात्रेला. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप्प झाली, आणि तिचे फोन ईस्टर आणि नाताळापुरते उरले.

तोशो आल्यापासून मात्र रोज संध्याकाळी फोन वाजायला लागला. "जेवला का? पाणी पितोय ना? फोन त्याच्याकडे कर." वेलिका फोन कुत्र्याच्या तोंडासमोर धरायची आणि मागून वाकून पडद्यावरचा लेकीचा चेहरा बघायची. थकलीय, केस कापलेत, डोळ्यांखाली काळं आलंय. हा फोन आपल्यासाठी नाही हे तिला पक्कं माहीत होतं. असू दे, म्हणायची. शनिवारी तर देनित्सा स्वतःच यायची, टेबलाशी बसून काकडी घातलेलं गार ताक प्यायची, कुत्र्याशी गप्पा मारायची आणि अधूनमधून एखादं वाक्य आईलाही मिळायचं. वेलिकाला एकच धास्ती होती. या चपट्या नाकवाल्याला काही झालं, की फोन बंद, शनिवार बंद, सगळं बंद.

म्हणून ती त्याला डोळ्यात तेल घालून जपायला लागली. पहाटे फिरवायची. परत आल्यावर पायरीवर बसून त्याच्या पंजाची बोटं एकेक करून उघडायची, गहू निवडावा तशी. दिवसभर खिडक्यांच्या झडपा बंद ठेवायची, फरशी ओली ठेवायची, पंखा त्याच्या अंगावर सोडायची. दुकानवाली सेवदा म्हणालीच, "वेलिका मावशी, किरोकाकांना कधी पंख्याखाली बसवलं होतंस का गं?"

"किरोला नाक होतं," वेलिका म्हणाली आणि बिस्किटांचा पुडा उचलून चालायला लागली.

जुलैच्या मध्यावर आमच्याकडे असे काही दिवस येतात की म्हातारी माणसं शेतात हात घालत नाहीत. आभाळातून आग पडते म्हणतात. त्या वर्षी ती खरंच पडली. झडपा बंद असूनही घर तापलं. तोशोची जीभ निळसर दिसायला लागली तशी वेलिका त्याचं पोट पुसत सुटली. ओली फडकी मिनिटात सुकत होती. त्याला पाण्यातच बसवलं तर? पण घरातली परात त्याला पुरेना आणि बादलीत तो मावेना. मग तिला शेडमधलं कापलेलं पिंप आठवलं. किरोने मोठं प्लास्टिकचं पिंप आडवं कापून त्याचं टोपलं केलं होतं, हातभर खोल, एका कुत्र्याच्या मापाचं.

तिने ते ओढत बाहेर काढलं. कोळिष्टकं झाडली, आत एक बादली पाणी ओतून घुसळलं आणि उपडं केलं. घाईत होती, मागे कुत्रा धापा टाकत होता. पिंप वेलाच्या मांडवाखाली सावलीला ठेवून भरलं आणि तोशोला आत सोडलं. तो गळ्यापर्यंत बुडून बसला आणि त्याने असा एक सुस्कारा सोडला की वेलिकाने डोक्यावरचा रुमाल काढून स्वतःच्याच तोंडाला वारा घातला. संध्याकाळी देनित्सानेही फोनवर बघितलं. "आई, हे भारी केलंस!" हे वाक्य वेलिकाने रात्री झोपताना दोनदा मनात म्हणून घेतलं. पाणी तिने तसंच ठेवलं, उद्यासाठी.

सकाळी दार उघडून तिने त्याला सोडलं तो सरळ पिंपाकडे धावला. ती आत चूल पेटवत होती. बाहेर आली तेव्हा तोशो पिंपाशेजारी आडवा पडलेला, पाय ताणलेले, आणि फरशीवर त्याने ओकलेला फेस.

फेस हिरवट निळा होता.

त्या रंगाची वेलिकाला कुणी ओळख करून द्यायला नको होती. तिने पिंप एका बाजूने कलतं केलं आणि तळाशी बोट फिरवलं. पिंप निळं, त्याच्या तळाशी चिकटलेली खपलीही निळी. वर्षानुवर्षं किरोने याच पिंपात मांडवासाठी मोरचूद भिजवला होता. रात्रभरात ती खपली पाण्यात उतरली होती, आणि ज्या पाण्यात बसायचं तेच तोशो प्यायला होता. आयुष्य मोरचुदात घालवलेल्या बाईने आपल्या हाताने मोरचूद पाजला होता, तोही लाडाने.

तिने त्याला एप्रनमध्ये गुंडाळून छातीशी धरलं आणि पायांत सपाता असतानाच चौकाकडे धावली. गावात चालू स्थितीतली गाडी नव्हती. होती ती एकच, शहरातून रोज सकाळी येणारी पावाची व्हॅन. दुकानापुढे पावाची रांग उभी होती, आणि व्हॅनवाला सबरी नुकताच मागचं दार उघडून पहिलं क्रेट ओढत होता.

"सबरी! कुत्रा मरतोय माझा!"

सबरीने एप्रनमध्ये डोकावून बघितलं. त्याच्या पुढे अजून दोन गावं होती, लिपेन आणि कामेन्का, आणि तिथंही लोक असेच उन्हात उभे असणार. तो रांगेकडे वळला. रांगेत सगळी म्हातारीच, हातात कापडी पिशव्या.

"आता आमच्या तोंडाकडे काय बघतोस?" काठीवाले म्हातारे स्तामेन खेकसले. "जा ना! एक दिवस पाव नाही खाल्ला तर आमचे दात काही पडत नाहीत. होतेच कुठे!"

क्रेट पुन्हा आत गेलं. एकही पाव न उतरवता गाडी आली तशी मागे फिरली. वेलिका पुढच्या सीटवर, मांडीवर तोशो, मागे तीन गावांचा गरम पाव.

सेवदाने पळत येऊन खिडकीतून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला होता. सबरीने चालवता चालवताच फोन लावला आणि आवाज मोठा केला. डॉक्टर यानेवांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काय खाल्लंय त्याने?"

वेलिकाच्या जिभेवर उत्तर होतं. पण त्या उत्तरामागून देनित्साचा चेहराही येत होता. "माहीत नाही," ती म्हणाली. "रस्त्यावर काहीतरी असेल. लोक टाकतात काहीबाही."

"आठवून बघा, आजी. माहीत असेल तर लगेच उपाय करता येतो. नाहीतर अंधारात चाचपडायचं."

"नाही हो माहीत."

फोन बंद झाला. सूर्यफुलांच्या शेतांमधून रस्ता सरळ जात होता. सबरी खड्डे चुकवत होता. तोशोने मान उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि त्याने आपलं ते चपटं नाक वेलिकाच्या मनगटावर टेकवलं. ज्याने पाजलं त्याच हातावर. वेलिकाला किरो आठवला. दवाखान्यातला, नाकात नळी असलेला. तेव्हाही ती फोनवर अशीच सफाईदार बोलली होती. लेकीला त्रास नको म्हणून, असं ती चार वर्षं स्वतःला सांगत आली होती. पण लेकीच्या रागाला घाबरून, हे त्यातलं खरं होतं का, असं आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.

"सबरी, परत लाव तो फोन."

या वेळी तिने सगळं सांगितलं. पिंप, खपली, एक बादली पाण्यात आटोपलेलं धुणं, रात्रभर ठेवलेलं पाणी, वाटेत एप्रनवर पुन्हा झालेली निळी ओकारी. डॉक्टरीणबाई भराभर बोलल्या. आता काहीही पाजू नका, दूध नको, तेल नको, ओकवायला जाऊ नका. अंग ओलं ठेवा, खिडकी उघडी ठेवा. तो एप्रन टाकू नका. मी तयारी करून ठेवते. सबरीने पाव झाकायचं कापड बाटलीतल्या पाण्याने भिजवून तिच्याकडे फेकलं.

"आणखी एक लाव," वेलिका म्हणाली आणि स्वतःच्या फोनवरून देनित्साचा नंबर शोधून दिला. तिने लगेच दोन्ही हातांनी तोशोला सावरलं, म्हणून सबरीनेच दाबला.

"देनित्सा, मी आई. तोशो मोरचूद प्यायलाय. मीच पाजला. मी पिंप नीट धुतलं नाही. आम्ही पावाच्या गाडीतून दवाखान्यात चाललोय. वाचेल की नाही माहीत नाही. तुला आत्ताच सांगायला हवं म्हणून सांगतेय."

पलीकडे ऑफिसातले आवाज, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "निघते," देनित्सा म्हणाली. फोन बंद झाला.

दवाखान्यात तोशोला आत नेलं. सबरी टोपी काढून थोडा वेळ दारात उभा राहिला. वेलिकाने पाकीट काढलं तसा तो भडकला. "मावशी, मी टॅक्सी चालवतो का?" आणि तो तीन गावांचा पाव घेऊन परत गेला. वेलिका सपाता घालून बाकावर बसून राहिली. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता, हे तिला दुपारी एका अनोळखी बाईने बाटली हातात दिली तेव्हा कळलं. ती बाई आपल्या मांजराला घेऊन आली होती. वेलिका पाणी प्यायली आणि रडली. बाईने मांजर तिच्या मांडीवर ठेवलं, आणि ते वेलिकाने ठेवू दिलं, म्हणजे अवस्था काय असेल बघा.

देनित्सा आली ती वाऱ्यासारखी आत गेली, आईकडे न बघता. वेलिकाने ते मान्य केलं. आपण होतो त्या लायकीचे, असं तिला वाटलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. देनित्सा बाहेर आली आणि बाकावर शेजारी बसली.

"सलाईन लावलंय. बरंचसं आधीच ओकून टाकलंय त्याने. वाचेल म्हणतात." ती थोडा वेळ समोरच्या भिंतीवरचं गोचिडींचं चित्र बघत राहिली. "काय प्यायलाय ते कळलं म्हणून पोचल्या पोचल्या उपचार सुरू करता आले, असंही म्हणाल्या."

"आधी खोटं बोलले होते मी त्यांच्याशी," वेलिका म्हणाली. आता काही लपवायचं तिच्यात उरलंच नव्हतं. "रस्त्यावर खाल्लं म्हणाले. मग लाज वाटली."

"पण मला फोन केलास."

"केला."

"बाबांच्या वेळी नाही केलास."

"नाही केला." वेलिकाने एप्रनची नाडी बोटाला गुंडाळली. "चुकलं माझं, देनी. तुझा बाप सारखा दाराकडे बघायचा. मी तुला बोलवायला हवं होतं."

देनित्सा चार वर्षांचं रडली. दवाखान्यातल्या लोकांना वाटलं कुत्रा गेला. मांजरवाली बाई तर उठून जवळ येऊन "देव त्याला शांती देवो" म्हणायला लागली, तेव्हा दोघींना हुंदक्यातून हसू फुटलं, आणि मग ते आवरेना.

तोशो घरी आला तो अशक्त, पण भूक शाबूत. गावात मात्र वेलिकाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्या दिवशी पाव आला तेव्हा दुपार कलली होती. लिपेनमधल्या लोकांनी सकाळ रांगेत काढून पावाशिवाय नुसतीच भाजी खाल्ली, कामेन्कात एका म्हातारीने सबरीला उंदीर मारायचा झाडू दाखवला. पण शिव्या देऊन झाल्या की प्रत्येकाने शेवटी एकच विचारलं होतं, "वाचला का रे तो?" सबरी हे रंगवून सांगायचा. वेलिकाला ते ऐकून गलबलून यायचं. कधी न बघितलेल्या कुत्र्यासाठी दोन गावं उन्हात उपाशी थांबली आणि वर चौकशी करती झाली, याची परतफेड कशी करायची?

आमच्याकडे घरावरचं संकट टळलं की बाई गोड पाव भाजते, त्यावर मध लावते आणि गरम गरम वाटते, आरोग्यासाठी म्हणून. घेणाऱ्याने तिथंच तुकडा तोडून खायचा आणि "बरं असो" म्हणायचं. वेलिकाने आळीपुरता नाही, तीन गावांपुरता पाव भाजला. देनित्साने रजा घेतली होती. तिच्याही कोपरापर्यंत पीठ होतं. बालवाडीचं कुलूप उघडून तिथला जुना मोठा ओव्हन पेटवला, कारण घरच्यात मावेना. सकाळी सबरीच्या गाडीतून दोघी निघाल्या, तोशो मध्ये बसून. ब्रेस्तोवोत स्तामेन म्हातारे मधाचा तुकडा हिरड्यांनी चघळत म्हणाले, "याच्यासाठी रोज एक कुत्रा आजारी पाडायला हरकत नाही." लिपेनमध्ये सगळ्यांना तोशोला हात लावून बघायचा होता. कामेन्काच्या झाडूवाल्या म्हातारीने त्याला नीट निरखलं.

"यासाठी आम्ही थांबलो? हा तर दारावर तोंड आपटल्यासारखा दिसतो!"

"दिसतो खरा," वेलिका म्हणाली आणि म्हातारीचे सुरकुतलेले दोन्ही हात धरले. "थांबलात म्हणून दिसतो तरी. उपकार झाले तुमचे, ताई. आयुष्यभर विसरणार नाही."

म्हातारीने तुकडा तोडला. "बरं असो," ती म्हणाली. "मध कंजूषपणे लावलायस."

रजा संपल्यावर देनित्साने तोशोला सोफियाला नेलं. रक्त तपासत राहायला हवं होतं आणि मोठा दवाखाना तिथंच होता. फ्लॅटची भट्टी असली तरी उरलेला उन्हाळा तो तिथंच काढेल, असं ठरलं. वेलिकानेच त्याचं अंथरूण गाडीत ठेवलं. हात हलवून आत आली तेव्हा घरात घोरणारं कुणी नव्हतं. फोन टेबलावर पडलेला होता. तो आता वाजायचं कारण नव्हतं, आणि कारण नसताना वाजावा अशी अपेक्षा करायला ती काही खुळी नव्हती. तिने खिडक्यांच्या झडपा उघडल्या, मांडवाला पाणी घातलं, भांडी घासली.

दिवेलागणीला फोन वाजला.

"तोशोला काही झालं का?" वेलिकाने उचलता उचलताच विचारलं.

"तो झोपलाय. मस्त आहे." देनित्सा सोफियातल्या स्वयंपाकघरात होती, ओट्याला टेकून. पडद्यावर ती एकटीच होती. "तू कशी आहेस ते विचारायला केला."

"मी? मी ठणठणीत," वेलिका सवयीने म्हणाली. मग थांबली. लेक पडद्यातून बघत होती.

"गुडघा सुजलाय," वेलिका म्हणाली. "त्या दिवशी धावले तेव्हापासून. जिना चढवत नाही मला."

"दाखव."

वेलिकाने परकर वर केला आणि फोन गुडघ्याजवळ नेला.

"शनिवारी येते," देनित्सा म्हणाली. "तोपर्यंत जिना चढायचा नाही. ऐकतेयस ना, आई?"

"ऐकतेय," वेलिका म्हणाली, आणि फोन गुडघ्यावरून काढून स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला.